उजवा कान

शुलमीत खंडागळेचा पहिला अल्बम आला
मंगळवारी, रात्री बाराला.
आठ गाणी. चौतीस मिनिटं.
खाली बारीक अक्षरांत:
सर्व आवाज – शुलमीत खंडागळे.

मी बुधवारी ऐकला, कामावर,
बियाणे कंपनीच्या उगवण-खोलीत,
एकट्या डाव्या कानात.
उजवा साहेबांसाठी मोकळा ठेवावा लागतो.
ओल्या कागदावर कपाशीचे शंभर दाणे,
किती उगवले ते मोजायचं, वहीत टिपायचं.
त्र्याण्णव. एक्क्याण्णव.
तिसऱ्या गाण्याला मोजणी चुकली.

तिचाच आवाज, पण उघडा.
खाली बास, आणि ड्रमची थाप
ठोक्याच्या जराशी मागून,
उशिरा आलेलं माणूस
शेवटच्या बाकावर हळूच टेकावं तशी.
याला रिदम अँड ब्लूज म्हणतात,
तिनंच सांगितलं होतं,
जालन्यात, मिशन कंपाउंडातल्या चिंचेखाली,
आवाज मोठा यावा म्हणून
मोबाईल स्टीलच्या तांब्यात ठेवून.
"हे आपलंच हाय गं. चर्चमधूनच निघालंय,
फक्त बाहेर येऊन रडलंय."

पाच जणी होतो.
तबीथा, युनीके, हन्ना, ती, मी.
नाताळ, लग्नं, मयती,
परभणी, बीड, एकदा थेट देगलूर,
मांडीवर कीबोर्ड घेऊन मॅजिकच्या मागच्या सीटवर.
सरोदे सर म्हणायचे,
कोरसमध्ये जिचा आवाज ओळखू येतो ती चुकली.
ओळखू न येणं आम्ही नीट शिकलो.
ती सोडून.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं.
भावाचा सळई कारखान्यातला बोनस घेऊन
ती पुण्याला गेली,
आणि आम्ही चौघी कितीतरी दिवस
पाच जणींच्या अंतरानं उभ्या राहायचो.
मग युनीकेचं लग्न, हन्नाचं नर्सिंग.
अंतर तेवढं उरलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता
दोन्ही कानांत घातलं.
उजवीकडं आम्ही होतो.

तबीथाचं शेवटचं अक्षर ओढणं,
हन्नाचा नाकातला न,
वरच्या सुराला भिऊन
त्याच्या आधीच पोचणारी युनीके,
सगळ्या तिच्याच गळ्यातून, थरावर थर.
आणि चौथ्या गाण्यात मी.
'करुणा' म्हणताना मी मध्येच श्वास घ्यायचे.
करु, मग णा.
सरांनी त्यापायी पेन्सिल फेकून मारलेली.
तो श्वास तिनं ठेवलाय.
स्टुडिओला तासाचे पैसे मोजून
माझी चूक जशीच्या तशी गायलीय,
दुरुस्त करायचा मोह टाळून.

राग आला. खोटं कशाला बोलू.
आवाज आमचे, नाव एकटीचं.
एकदा फोन केला असता तर
चौघी पहाटेच्या गाडीनं गेलो असतो.
मग वाटलं, गेलो असतो
तर आम्ही सुधारून गायलो असतो.

रात्री मेसेज लिहायला घेतला.
'अभिनंदन' लिहिलं, खोडलं.
'माझा श्वास परत दे' लिहिलं, तेही.
शेवटी एकच शब्द पाठवला:
गायलीस.

पुण्यात वाचला तर गाणं झालं, संपलं.
आपल्याकडं जायलीस, खायलीस,
तसं गायलीस.
अजून चालू हाय.

तिनं कोणत्या कानानं वाचलं, काय माहीत.
दोन निळ्या खुणा आल्या.
वर 'टाइप करत आहे' दिसलं,
मध्येच थांबलं,
शब्दाच्या ऐन पोटात,
आणि पुन्हा सुरू झालं.