ओळंबा

कुताइसीच्या जुन्या पोस्टाच्या माडीवर
वाझा मास्तर आठवड्यातून दोन संध्याकाळी
आम्हाला माणसं काढायला शिकवतात.
पहिले तीन महिने माणूस समोर असायचा:
जाबा, म्हातारा कुस्तीगीर, तासाला काही लारी,
स्टोव्हजवळ उघडाबंब, गुडघ्यावर जुना व्रण.
त्याची पाठ उतरवायला नुसते डोळे पुरत.

मग एका मंगळवारी खुर्ची रिकामी.
“आजारी आहे?” नाझिब्रोलाने विचारलं.
“नाही. मीच येऊ नको म्हटलं,” मास्तर म्हणाले.
“आता मनातून काढा. जिना उतरणारा.
हातात बादली. बादलीत पाणी.”

काय काय काढलं आम्ही!
कणकेच्या बाहुल्या, दोरीवर वाळत घातलेले सदरे.
माझ्या माणसाच्या हातात बादली होती,
पण बादलीचा त्याच्या खांद्याला
पत्ताच नव्हता.

मास्तरांनी खिशातून ओळंबा काढला,
शिवणाचा दोरा, टोकाला सायकलचा नट,
आणि गळ्याच्या खळगीपासून खाली सोडला.
नट पावलांच्या बाहेर, चार बोटं लांब, डुलत राहिला.
“हा माणूस केव्हाच पडलाय,” ते म्हणाले,
“तुला अजून कळवलं नाही त्याने.”

हिवाळाभर मी माणसं उभी करत राहिले,
पावत्यांच्या पाठीवर, पिठाच्या रिकाम्या गोण्यांवर.
आधी कमरेचं खोकं, मग बरगड्यांचं पिंप,
दोघं रुसल्यासारखी उलट दिशांना कललेली.
मग टाच. मग मान, सगळ्यात शेवटी चेहरा,
बहुतेकदा तोही नाही.
हळूहळू माणसं पडायची थांबली.
पण सगळ्यांचा डावा खांदा उतरता.
नावाडी, नवरी, रिओनीतले पांढरे धोंडे उचलणारी पोरं,
सगळी एकाच घरची असल्यागत.

“हा कोण येतो सारखा?” मास्तरांनी विचारलं.
“बाबा असतील,” मी म्हणाले.

बाबांची भट्टी जमिनीत उभ्या पुरलेल्या रांजणासारखी.
रोटी आतल्या भिंतीला थापायला
ते कमरेपर्यंत आत झेपावतात,
पाय हवेत, डोकं निखाऱ्यांवर.
तीस वर्षं हेच. खांदा उतरेल नाही तर काय?

पहाटे मी ओळंबा घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले.
खांदे सरळ. रंधा मारल्यासारखे.
“माप कसलं घेतेस? शवपेटीचं?” बाबा हसले.
बाहेर अंधार होता, म्हणून काच आरसा झाली होती.
तिच्यात एक बाई, हातात दोरा,
डावा खांदा पाडून उभी.
आधी दप्तर, मग इस्पितळातल्या चादरींचं गाठोडं,
मग पोर, तेही डाव्याच कडेवर.

“बाबा, एकदा मला आत वाकू द्या.”
नाही, नाही, तीनदा नाही म्हणून
त्यांनी माझ्या एप्रनची गाठ मुठीत घट्ट धरली.
पापण्यांना आधी कळलं. मग ओठांना.
काठ पोटात रुतला, चवडे जमिनीवरून सुटले,
आणि माझं सगळं वजन
क्षणभर कुणाचंच नव्हतं.
मग ते बाबांच्या मुठीत गेलं.
रोटी राखेत पडली.
त्यांनी पैसे मागितले नाहीत, पण आठवडाभर ऐकवलं.

गुरुवारी मी बाबांना काढलं.
बाहेरून हजारदा पाहिलेले नव्हे,
पोटाच्या त्या काठापासून सुरू केले,
बाकीचं अंग त्याच्यामागे आलं.
डावा खांदा कुठे गेला ते बघायला
मी विसरले.

मास्तरांनी दोरा काढला. उलट्या माणसावर
तो कुठून सोडावा ते त्यांना ठरवता येईना.
कागदाच्या कडेवर टेकलेला हात
त्यांनी जरा मागे घेतला.
दोरा बोटाला गुंडाळून खिशात टाकला.
“तळवे अजून कणकेचेच आहेत,” म्हणाले
आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मी खोडरबर शोधू लागले.
नाझिब्रोलाने न विचारताच
बूट काढले, मोजे काढले,
आणि दोन्ही पाय स्टोव्हकडे पसरून
खुर्चीवर पालथी झाली.