बुधवार, सातवा तास

वेळापत्रकात ती चौकट कोरीच होती.
गणिताचे सर बदलून गेले जामनेरला
आणि अत्तरदे बाईंनी ती मागून घेतली,
जशी कुणी मोकळी ओसरी मागावी
पापड वाळवायला.

विषयाला नाव नव्हतं. आम्ही म्हणायचो, पेपरचा तास.
पहिल्याच बुधवारी बाईंनी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
त्याला वीतभर खिडकी कापली,
म्हणाल्या, यातून शाळा बघा.
मोहिनी फेगडेला दिसला निंब, त्यावर पोपट.
जहांगीर तडवीला मुतारीची पडकी भिंत.
दोघंही खरंच बोलत होते.
बाई म्हणाल्या, पुठ्ठा कुणी धरलाय ते आधी बघायचं.

त्या हिवाळ्यात एसटी थांबेना फाट्यावर.
फैजपूरकडून भरून यायची साडेदहाची,
कंडक्टर बोटानं मागे दाखवायचा: दुसरी येतेय.
दुसरी येत नसे.
एका सोमवारी दप्तरं टाकून आम्ही बसलो डांबरावर
सव्वा तास. बोरं खाल्ली.
मी तर भूगोलाची वही पूर्ण केली.

बुधवारी बाईंनी तीन पेपर पसरले बाकांवर.
एकात आमचं आंदोलन होतं.
एकात हुल्लड, आणि प्रवासी वेठीस.
तिसऱ्यात पानभर कुणाचा तरी वाढदिवस,
फेट्यांतले बावन्न चेहरे,
आम्ही नव्हतोच.
बोरांचं कुणीच लिहिलं नव्हतं.
'मग आपन कोन होतो, बाई?' जहांगीरनं विचारलं.
त्या फळ्याकडे वळल्या, खडू हातात तसाच,
आणि काही लिहिलं नाही.
मला त्या तासातला तो कोरा फळाच जास्त आठवतो.

चेअरमन आले एकदा. चहा घेतला बशीतून.
विचारलं, किती मार्कांचा हा विषय?
यानं काय केळीला भाव येनार हाये का?

फेब्रुवारीत तो व्हिडिओ आला.
निळ्या पिंपात केळी बुडवणारे हात, वर रडका आवाज:
लेकरांना विष चारू नका, शंभर जणांना पाठवा.
रावेरपासून यावलपर्यंत जणू एकच फोन वाजत होता.
माझ्या बापानंही पाठवला पुढे,
केळीच पिकवणाऱ्या माझ्या बापानं.

बाईंनी तो थांबवत थांबवत दाखवला.
'थांबा,' जहांगीर म्हणाला. त्याचा बाप कापणीच्या टोळीत.
'हा घड आपला नाही. फण्या पाहा, बोटं आखूड.
आन मांघं नारळ हाये. आपल्या सावद्यात कुठं नारळ?'
मोहिनीला ट्रकची पाटी दिसली,
लिपी गोल गोल, जिलबीसारखी.
मला एवढंच दिसलं
की त्या हातांना एकदाही चेहरा नव्हता.

आम्ही ते सगळं लिहून काढलं, कुणाला शिवी न देता.
एक्केचाळीस जणांनी पुढे पाठवलं.
व्हिडिओ म्हणे दुबईला जाऊन आला.
भाव पडायचा तेवढा पडलाच,
चेअरमनना सांगण्यासारखं हाती काही लागलं नाही,
आणि जूनमध्ये त्या चौकटीत
बीजगणित आलं.

पण त्या आधी, मार्चातली एक रात्र.
वरण-बट्टीच्या ताटावर बाप फोन घेऊन बसला,
भुवया चढलेल्या, अंगठा तयार.
चोपड्याकडे काहीतरी झालं होतं,
किंवा नव्हतं.
आई म्हणाली, बट्टी गार होऊ राह्यली.
पुठ्ठ्याची गोष्ट मी घरी सांगितली होती,
तेव्हा तो नुसता हसला होता.
आता अंगठा तसाच अधांतरी,
फोन त्यानं माझ्याकडे वळवला.
'पाह्य बरं,' म्हणाला,
'हा पुठ्ठा कोनं धरला हाये?'

मी हात धुतले.
मग आम्ही दोघं वाकलो त्यावर.