रविवारचा शिधा

रविवारी डंडीत दुकानंही उशिरा उघडतात.
पर्थ रोडवर माझ्याआधी फक्त सीगल,
काल रात्रीच्या चिप्सच्या पुड्या तपासणारे.
टे नदीवरून धुकं वर येतं,
पूल अर्धा असतो, अर्धा नसतो.
मी कार्ड दाखवते, दार उघडतं.
तिसऱ्या मजल्यावर
कुणीतरी उपाशी आहे.

सदतीस अंशांच्या कपाटात तिची बाटली.
वर इशबेलच्या अक्षरात: एफ-सतरा, मुलगी, वय सहा.
आतलं गुलाबी पाणी
शुक्रवारपासून पिवळं पडत आलेलं.
पिवळं म्हणजे भूक.
इथे आल्यावर पहिल्यांदा शिकलेली भाषा हीच,
स्कॉटिश इंग्रजी नंतर.

जुनं पाणी ओढून घ्यायचं, नवं कोमट घालायचं,
भिंतीवरून, हळू,
बाळाच्या डोक्यावर तांब्या रिकामा करतात तसं,
डोळ्यांत जाऊ न देता.
त्यात दहा टक्के रक्तद्रव्य,
न जन्मलेल्या वासराचं.
हे मी बार्शीला फोनवर सांगत नाही.
आई विचारते, सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस?
म्हणते, विरजण लावायला.
अगदीच खोटं नाही ते.

दोष एका अक्षराचा.
चौदाशे-काही अक्षरांच्या आज्ञेत
कुठेतरी ध चा मा झाला,
आणि प्रत्येक पेशीत, प्रत्येक तंतुकणिकेत
गारद्यांनी तो हुकूम तंतोतंत पाळला.
त्यांचं काही चुकलं नाही.
फक्त चूल पेटेना.
तीन वर्षं मी त्या एका प्रथिनाच्या मागे आहे,
थंड खोलीत, दोन स्वेटर घालून,
थेंबाथेंबाने गाळत,
आणि ते हाती येता येता विरून जातं
खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखं.

गेल्या मे महिन्यात
पालकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता.
सगळे पोस्टरसमोर उभे. चहा, शॉर्टब्रेड.
आर्ब्रोथहून आलेली एक बाई मागे रेंगाळली.
कोट काढला नव्हता तिने.
म्हणाली, सतरा नंबर आमचा.
तिला नंबर कसा कळला, मी विचारलं नाही.
म्हणाली, बघता येईल?
नियम माझ्या जिभेवर होता. तिथेच राहिला.

मी सूक्ष्मदर्शकाखाली बाटली ठेवली,
खुर्ची तिच्या उंचीला आणली.
बराच वेळ ती वाकून होती.
लांबट पेशी, एकमेकींना खेटून,
सगळ्यांचा कल एकाच बाजूला,
प्रवाहाला तोंड देऊन थांबलेल्या माशांसारखा.
"हलत का नाहीत?"
हलतात, मी म्हटलं, तासाला अर्ध्या केसाइतक्या.
"मग तीच आहे," ती म्हणाली,
"शाळेला उशीर करणारी."
आणि नाव सांगितलं.
ते मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. इथेही नाही.

ती गेल्यावर भिंगावर
पापणीचा ओला डाग राहिला होता.
इशबेलने अल्कोहोलचा कापूस पुढे केला,
मग स्वतःच मागे घेतला,
म्हणाली, चल, जेवून येऊ.

आज अकरावी पिढी.
बाटली भरली की त्यांना सोडवायचं,
दोन बाटल्यांत वाटायचं, आकडा एकने वाढवायचा.
सातवा वाढदिवस न पाहिलेल्या मुलीची
अकरावी पिढी.
विसाव्याच्या आसपास त्या थकतील, मग थांबतील.
तेव्हासाठी नायट्रोजनच्या हंड्यात
तिच्या सहा कुप्या आहेत.
त्या संपेपर्यंत
हे प्रथिन आपल्या पायावर उभं राहील का,
मला ठाऊक नाही.
निधीच्या अर्जात मी "अपेक्षित" असं लिहिलंय.

झाकण अर्धा आटा सैल. श्वासाला जागा.
कपाटाचं दार लावताना
हल्ली मी घाई करत नाही.
खिडकीतून पूल अजून अर्धाच दिसतोय,
आणि एक आगगाडी, सगळे दिवे लावून,
न दिसणाऱ्या अर्ध्याकडे निघालीय.