पाठ सातवा : माध्यमे आणि समाज

बुधवारी सात वाजता, बेकरीच्या वरच्या खोलीत
मी फळ्यावर लिहिते : सोर्स.
झाउरी विचारतो, म्हणजे झरा?
झराही. नदी निघते तो.
आणि बातमी निघते ते तोंडही.
तो दोन्ही अर्थ उतरवून घेतो, सुबक,
छापखान्यात चाळीस वर्षं उलटी अक्षरं जुळवलेल्या हाताने.

भट्टीची ऊब फरशीतून वर येते,
म्हणून कुतैसीच्या थंडीतही हीटरचे पैसे वाचतात.
पुस्तक लंडनचं, जुनी आवृत्ती,
चित्रातली माणसं अजून बाकावर बसून पेपर वाचतात.

पुढचा शब्द कव्हर.
बातमी कव्हर करणे : लोकांसमोर आणणे.
आणि पातेल्यावर झाकण ठेवणे, तेही कव्हरच.
दोन्हीला एकच शब्द?
एकच.
झाउरी खोकत हसतो.
आमच्या साहेबाला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणतो,
पण एवढा शब्द पक्का ठाऊक होता.

लेवानी मागे, वय एकोणीस :
व्हायरल, ट्रेंड, फॉलोअर मला नका शिकवू बाई,
मीच तुम्हाला शिकवतो.
खरंय. त्याला उच्चार येतात.
स्पेलिंग येत नाही.

मग मिसइन्फॉर्मेशन,
त्याच्या बरोब्बर खाली डिसइन्फॉर्मेशन.
फरक पहिल्या अक्षराचा.
मि : चुकीचं, पण नकळत पसरवलेलं.
डि : चुकीचं, ठाऊक असून पसरवलेलं.
परीक्षेत हमखास येतं, खूण करून ठेवा.

त्सिअला हात वर करते.
ती कधी काही विचारत नाही. आयर्लंडला जायचंय तिला,
म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला, एवढंच माहीत आहे मला.
मार्चमध्ये धरण फुटल्याची बातमी फुटली होती, ती यातली कुठली?

खोलीत कुणी वही मिटतं.
त्या रात्री खालची अख्खी आळी
दफनभूमीच्या टेकडीवर धावली होती,
अनवाणी, कोंबड्या काखेत, एकाने तर टीव्ही उचललेला.
धरण जागच्या जागी होतं. रिओनी नेहमीइतकीच.

ज्याने आधी लिहिलं, त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे, ती म्हणते.
मला अकरा वाजून चार मिनिटांनी आली.
पूर्ण वाचलीसुद्धा नाही.
एकवीस जणांना पाठवली.
त्यात गुलिको, माझी नणंद. अंधारात जिना...

पुढचं तिने सांगायची गरज नाही.
चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आम्ही सगळेच होतो,
लेवानीने खुर्च्या वाहिल्या होत्या.

तर मी केलं,
त्याला इंग्रजीत क्रियापद काय?

मी पान चौसष्ट उघडते. यादी लांब आहे.
स्प्रेड. सर्क्युलेट. फॉरवर्ड.
आणि खाली, जाड टाइपात, तिला हवं ते.
खडू हातात धरून मी उभीच राहते,
कारण तो शब्द आपण घेतलाय, पाठ दुसरा, घर आणि जेवण.
तेव्हा मी खालून गरम शोती आणली होती,
मोडून एकेकाच्या हातावर ठेवत म्हटलं होतं, हे शेअर.
त्सिअलाचं वाक्य चुकलं होतं त्या दिवशी.
लाल शाईने मी दुरुस्त केलं :
नणंदेला नव्हे, नणंदेसोबत.

आमच्याकडे, झाउरी मध्येच म्हणतो, कुणाकडेही न बघता,
चूक पहिल्या पानावर जायची
आणि दुरुस्ती आठव्यावर, बारीक टाइपात, हवामानाखाली.
कोण वाचणार?
पण मी जुळवायचो. एकेक अक्षर.

लेवानी फोनवर काहीतरी लिहितो, पुसतो,
फोन पालथा ठेवतो.

मी शेवटी लिहिते.
त्सिअला बघते, ओळखते.
काही म्हणत नाही. फक्त स्पेलिंग विचारते,
जणू फळ्यावर दिसतच नाहीये.
एस. एच. ए. आर. ई.
शेवटचा ई ऐकू येत नाही, ती म्हणते.
नाही येत. मुका आहे.
पण गाळायचा नाही.