खोटं पान

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
आकडा सरकलेला, शाई फुटलेली,
कोपऱ्यावर केसाएवढी सुरकुती:
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागाहून.
बेंडकुळे साहेब म्हणायचे,
बाई, तुम्हाला बघून नोटा घाम सोडतात.

आता जेलरोडला दोन खोल्या,
मागं हातभर जागा आणि एक पेरू.
भाचीनं, ऋजुतानं, जुना कॅमेरा दिला,
वर एक भिंग, कुंकवाच्या करंड्याएवढं.
म्हणाली, मावशी, बारीक बघायची सवय
अशी एकदम सोडू नये. त्रास होतो.

भाद्रपदातली दुपार. वारा नव्हता
तरी एक पान हललं.
मग वारा आला, सगळीच हलली,
हे मात्र अर्धा ठोका उशिरा,
आरतीचे शब्द न येणारा माणूस
शेजाऱ्याच्या ओठांकडे बघत
टाळ्या वाजवतो, तसं.

जवळ गेले.
मधली शीर बरोबर. उपशिरा बरोबर.
कडेला करपा, आमच्या पेरूवर पडतो तोच,
एका जागी कुणी कुरतडल्याची खूणसुद्धा.
पानासारखं होणं एक वेळ जमेल,
हे आजारी पानासारखं झालं होतं!
इतकी अक्कल मी नक्कल करणाऱ्यांत पाहिली नव्हती.
ते बिचारे नेहमी
कोरी करकरीत नोट करायला जायचे.

पण डाग दोन होते.
शिरेच्या डावीकडे एक, उजवीकडे एक,
तेवढेच, तेवढ्याच अंतरावर.
झाड काही आरशात बघून आजारी पडत नाही.
तिथंच माल धरला मी.

भिंग लावलं. बोटभर पुढं गेले तर धुकं,
बोटभर मागं तर नुसतं हिरवं.
मधे एक फट असते, श्वासाएवढी अरुंद,
तिच्यात शिरायला मी, एकसष्ट वर्षांची,
उपड्या बादलीवर, दुखरे गुडघे सांभाळत.
शेजारच्या रणशूरबाई दोरीवर चादर टाकता टाकता ओरडल्या,
"अहो, कच्चे आहेत अजून!"

आणि एकदम ते आलं.
देठ समजत होते ते डोकं निघालं.
डोळे मोहरीएवढे, पिवळसर,
आत एक काळा ठिपका,
मी हलले की माझ्या बाजूला सरकणारा.
मांड्यांनाही पानाच्या झालरी.
पाय पाचच. सहावा कुठं गेला
ते त्याचं त्याला ठाऊक.
तेवढ्यात लांबून भोंगा झाला,
माझी पाठ सवयीनं ताठ झाली,
तेही थिजलं जागच्या जागी.
फक्त पोट खालीवर, खालीवर.
पानाला धाप लागली होती.

एकेचाळीस फोटो. त्यातला एक नीट.
रात्री ह्यांना दाखवला.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
करपा पडलाय, फवारायला हवं.
मी म्हटलं, बघू.
बोट ठेवून दाखवलं नाही.
प्रेसमध्ये असतं तर वेगळं काढलं असतं,
शिक्का, वहीत नोंद, खाली माझी सही.
त्या फोटोखाली माझी सही नको वाटली.

सकाळी चहाच्या आधीच
बादली पुन्हा उपडी घातली.
खालच्या फांदीपासून सुरू केलं,
एकेक पान उलटून, उजेडाला धरून.
डाग वेडेवाकडे, भोकं आरपार,
धाप कुणालाच नाही.
सगळी खरी.

एवढा चोख माल हाताखालून गेला
आणि मी इतकी हिरमुसले,
असं नोकरीत एकदाही झालं नव्हतं.