गळती

माझं काम कानाचं होतं.
लोखंडी सळई, तिच्या डोक्यावर लाकडाची वाटी.
टोक व्हॉल्व्हवर, वाटी कानाला,
रात्री एक ते चार,
गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत.
ट्रक ओसरले, कुत्री थकली
की डांबराखाली पेंचचं पाणी बोलायला लागायचं.
जोड सुटला असेल तर फुसफुस,
चिरेतून निघत असेल तर बारीक शीळ,
आणि कुणी चोरून नळ घेतला असेल
तर ओशाळल्यासारखा काहीतरी आवाज.
(हे मी उगाच म्हणतो. पण यायचा तसा.)
एकोणीस वर्षं.
खडूनं गोल काढून घरी जायचो,
सकाळी गँग तिथं खोदायची
आणि तिथंच ओलं लागायचं.

मग साळ्याच्या पोराचं लग्न.
उमरेड रोडवरचं लॉन, मे महिना,
गाडीवर एकावर एक आठ भोंगे.
भाटवे, नाचा ना जी, म्हणाले सगळे.
मला नाचता येत नाही.
म्हणून भोंग्यांच्या बाजूलाच उभा राहिलो,
हातात सरबत,
सरबतावर बारीक लाटा,
तशाच बरगड्यांत.
दीड तास.
तिथून हलायला लाज वाटत होती,
एवढंच कारण.

घरी आलो. गाडी बंद केली.
ती बंद झालीच नाही.

रातकिडा म्हणावं, तर रातकिडा
पाय वाजला की थांबतो.

उद्या जाईल, म्हणाली इंदू.
लसणाचं तेल झालं. शेक झाला.
मेडिकलमध्ये एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं,
हातात बटण दिलं: आवाज आला की दाबा.
मी दाबलं. परत दाबलं.
काचेपलीकडची पोरगी म्हणाली,
काका, मी अजून सुरूच नाही केलं.

वाटी कानावरून काढली
की आवाज गेला पाहिजे:
आमच्या कामातला हा पहिला धडा.
गेला, तर तो पाइपाचा.
राहिला, तर...
पुढचं कुणी शिकवलं नव्हतं.
बोरियापुऱ्यात मी तरी गोल काढला.
हट्टानं, जरा मोठाच काढला.
सहा फूट खणलं. माती कोरडी,
भाजल्या विटेसारखी.
निखारेनं फावडं टेकवलं
आणि माझ्याकडे न पाहता तंबाखू मळत बसला.
वरच्या गॅलरीतून एक बाई विचारत होती,
पाणी कधी येईन जी?

आता सळई अल्ताफकडे आहे.
बावीस वर्षांचा. कान चांगला.
मी बाजूला उभा राहून त्याचा चेहरा पाहतो,
भुवई हलली की समजतं, लागली.
त्याला म्हटलं, वरातीत लांब राहत जा.
हो काका, म्हणाला,
आणि खिशातून इअरफोन काढून कानात घातले.

उन्हाळा त्यातल्या त्यात बरा.
कुलरच्या घरघरीखाली सगळं झाकून जातं,
ओल्या खसचा वास, पंपाचा टपटपाट,
माणूस झोपतो.
मग दोनला लाईट जाते.
पातं अजून तीन-चार गिरक्या घेतं
आणि थांबतं,
आणि तो असतोच तिथं,
आधीपासून बसलेला.

कालही गेली.
मी उठून बसलो. इंदूही उठली.
काय ऐकून राहिले?
काही नाही, म्हटलं.
तिनं अंधारातच माझं डोकं धरलं,
आणि आपला कान माझ्या कानाला लावला,
घट्ट,
व्हॉल्व्हवर लावतात तसा.
बराच वेळ. घामानं दोघांचे कान चिकटले.
लागली का कुठं, मी विचारलं.
थांबा, म्हणाली.
मग म्हणाली, हातातलं घड्याळ काढा ना,
केवढं वाजते ते.

मी मनगट कानाशी नेलं.
कधीपासून वाजत होतं, कोण जाणे.