आठवं अक्षर

उत्तर आयर्लंडातल्या या गावात
फुटपाथाच्या कडांनाही धर्म आहे.
पुलाअलीकडे लाल-पांढऱ्या-निळ्या,
पलीकडे हिरव्या-पांढऱ्या-नारिंगी.
मधली नदी तेवढी कुणी रंगवलेली नाही.
जमलं नसेल.

शाळा दोन. एक मरून कोटांची, एक हिरव्या.
नोव्हेंबरात हिरव्यांच्या प्रयोगशाळेचं छत गळलं
म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी
बावीस मुलं पूल ओलांडून आमच्याकडे येऊ लागली,
रसायनशास्त्रापुरती.
छताला कुणी विचारलं नव्हतं. ते आपलं गळलं.

मी इथे परीक्षानळ्या धुते.
गॉल्ट सरांनी जोड्या लावल्या, एक मरून, एक हिरवा.
मुलं बसली, दवाखान्यात बसतात तशी,
मधे दप्तर ठेवून.

मग माझ्या ध्यानात आलं,
फळ्यावरचं सूत्र कुणी मोठ्यानं वाचतच नाही.
'हायड्रोजन' म्हणतात, 'तो वायू' म्हणतात,
नाहीतर नुसतं बोट दाखवतात.
पण ते अक्षर, इंग्रजीतलं आठवं,
ओठांवर येऊ देत नाहीत.
पुलाअलीकडे त्याला म्हणतात एच,
पलीकडे हेच.
एवढ्या एका श्वासावरून कळतं
तुझा बाप रविवारी कुठल्या दारानं आत जातो.
आणि पूर्वी, सफाईला येणारी विनी म्हणाली,
एवढ्यावरूनच माणूस रात्री घरी पोचायचा
किंवा नाही.

मला हे नवं नव्हतं.
आमच्या वर्गात कौतिका होती. ती 'पानी' म्हणायची.
बाई म्हणायच्या, पाणी!
नळाचा न नव्हे, बाणाचा ण.
अख्खा वर्ग हसायचा.
मीही, पहिल्या बाकावरून, माझ्या स्वच्छ ण-सकट.
एकदा तिनं तिची बाटली पुढे केली.
मी म्हटलं, तहान नाही.
तहान होती.
सातवीनंतर ती आली नाही.

जानेवारीतला गुरुवार.
ऑर्ला डेव्हनी आणि स्टुअर्ट मॅकिबिन यांचं टेबल, खिडकीजवळचं.
आम्लात जस्ताचे तुकडे, नळीच्या तोंडावर अंगठा,
पेटती काडी जवळ नेली, आणि पुक्!
पिल्लू ओरडावं तसा आवाज.
ती दचकली, आणि तोंडून निसटलं:
'बघ, हेच टू!'

वर्ग गप्प.
नळ तेवढा ठिबकत होता.
तिचे कान केसांतूनही लाल दिसत होते.

स्टुअर्टनं दुसरी नळी उचलली. दुसरी काडी पेटवली.
आणि मान खाली घालून,
दुसऱ्याचा बूट पायात घालून बघावा तसं
म्हणाला, 'हे... च. हेच टू.'
वाईट म्हणाला. श्वास जास्त झाला,
काडी विझली.
'वाढदिवस आहे का तुझा?' ऑर्ला म्हणाली.
आणि मागच्या टेबलावरचं कुणीतरी फिस्सकन हसलं,
मग दोन्ही रंगांचे कोट, ह आणि ए उलटसुलट करून,
हसत, अडखळत, काड्या विझवत.
गॉल्ट सर पुसलेलाच फळा पुसत राहिले.

मार्चमध्ये छत दुरुस्त झालं.
बावीस कोट परत गेले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही.
जुलैत कडांना पुन्हा रंगाचा हात बसेल, जाड.
मी काही खुळी नाही.
पण गुरुवारी साडेतीनला पुलावर
दोन पोरं उभी असतात, गार वाऱ्यात,
कोट दप्तरात कोंबून, कुडकुडत.
काय बोलतात, ऐकू येत नाही.

मला वाटतं, धुतलेल्या प्रत्येक नळीवर
एक चिठ्ठी चिकटवावी:
पोरांनो, छत गळायची वाट बघू नका.
चिकटवत नाही. नळ्या खराब होतात.

काल सगळे गेल्यावर नळ सोडला,
ओंजळ धरली, आणि हळूच म्हणून पाहिलं,
पानी.
पुन्हा म्हटलं.
अजून नीट येत नाही मला.